विषाणू बदलणारच असेल, तर मी काय करू?

पत्र:

मी देवगड तालुक्यातली, वय २३. यंदा रत्नागिरीतून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाले. घरची हापूसची कलमं आहेत, शिवाय बाबा दोन बागा कराराने घेतात. गेल्या हंगामात फळ कमी आलं आणि फवारणीचा खर्च अंगावर बसला, त्यामुळे घरात पैशाची ओढाताण आहे. सध्या माझ्या हातात दोन गोष्टी आहेत. लोटे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीची, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याची, नोकरी, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या औषध-प्रतिरोधावरच्या, म्हणजे विषाणू औषधाला दाद देईनासा कसा होतो यावरच्या, प्रकल्पात एक वर्षाची जागा. अँटीव्हायरल औषधांवर पीएच.डी. करावी असं मला बारावीपासून वाटतं.

बाबा म्हणतात, "इतक्यां शिकान करतलंस काय?" आईला भीती वाटते की मला तिथे काहीतरी लागण होईल. मामी म्हणाली, एचआयव्हीच्या लॅबमध्ये आहे म्हटल्यावर स्थळं कशी येतील. हे सगळं मी पचवलं असतं. पण आमच्या कॉलेजातले एक सर म्हणाले, "अगं, तू औषध शोधशील तोवर विषाणू बदललेला असेल. जन्मभर त्याच्या मागे धावत बसशील." ते काही डोक्यातून जात नाही. खरंच असं असेल तर या कामात आयुष्य घालवण्यात अर्थ काय? पंधरा दिवसांत दोन्हीकडे कळवायचं आहे.

(नाव छापू नये, ही विनंती.)

उत्तर:

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं बोलणंच जास्त छळतं. तेव्हा आधी तेच घेऊ. मामीचं मागाहून बघू, ते सोपं आहे.

विषाणू बदलतो, यात वाद नाही. एचआयव्ही तर फारच. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. प्रत्येकाचा जनुकसंच जेमतेम ९,७०० अक्षरांचा, आणि त्याची नक्कल उतरवणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे एन्झाइम आपलंच लिहिलेलं तपासून बघत नाही. सरासरी तीनेक नकलांमागे एक चूक होते. तू एम.एस्सी. आहेस, कागद-पेन घेऊन हिशेब मांड. औषधाला चकवायला एकच बदल पुरत असेल, तर तो बदल असलेला विषाणू पहिली गोळी पोटात जाण्याआधीच त्या माणसाच्या रक्तात फिरतो आहे. औषध त्याला जन्माला घालत नाही. बाकीचे मरतात, आणि याला रान मोकळं मिळतं.

इथपर्यंत सर बरोबर. पण पुढची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन, जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये कॅन्सरसाठी बनवलं होतं. कॅन्सरवर ते चाललं नाही आणि तसंच पडून राहिलं. वीसेक वर्षांनी कुणीतरी ते एचआयव्हीवर घालून पाहिलं, आणि मार्च १९८७ मध्ये ते अमेरिकेत एड्सवरचं पहिलं औषध म्हणून मंजूर झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १९८९ मध्ये, लार्डर, डार्बी आणि रिचमन यांचा शोधनिबंध आला. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ एझेडटी घेतलेल्या रुग्णांचे विषाणू त्यांनी तपासले होते. बऱ्याच जणांचे विषाणू औषधाला पूर्वीसारखी दाद देत नव्हते, काहींना तर शंभरपट जास्त औषध लागत होतं. जगात एकुलतं एक औषध, आणि त्याची ही गत. त्या वर्षी तुझ्या सरांसारखं बोलणारे पुष्कळ असतील.

पण ती माणसं तिथे थांबली नाहीत. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजमधल्या नेमक्या कुठल्या जागा बदलल्या, हे त्यांनी शोधलं. कळलं ते असं की एझेडटीला पुरतं चकवायला एक बदल पुरत नाही, तीन-चार साठावे लागतात, आणि ते महिनोन्‌महिने एकामागून एक येतात. पुढे लामिव्हुडिन आलं, तेव्हा उलट चित्र दिसलं. तिथे १८४ व्या जागचा एकच बदल बस होता आणि तो काही आठवड्यांतच येत होता. मग हे औषध फेकून द्यायचं? नाही. कारण त्याच बदलाने विषाणू थोडा लंगडा होतो, आणि वर एझेडटीला पुन्हा दाद द्यायला लागतो. हे काही कुणी टेबलाशी बसून सुचवलेलं नाही. विषाणू महिनोन्‌महिने वाढवून, त्यांना औषध पाजून, पुन्हा पुन्हा मोजून हाती आलेलं आहे. लामिव्हुडिन आजही पहिल्या फळीच्या गोळीत आहे. आपल्याकडच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, मिळणाऱ्या टीएलडी गोळीतला 'एल' तो हाच, टेनोफोव्हिर आणि डोल्यूटेग्राव्हिर यांच्या मध्ये बसलेला.

१९९६ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि मरणाऱ्यांचे आकडे एकदम खाली आले. वेगवेगळ्या जागी लागणारी तीन औषधं एकाच वेळी चुकवायला लागणारे सगळे बदल एकाच विषाणूत आपोआप जुळून यावेत, ही शक्यता रोजच्या हजार कोटींतही नगण्य होते. हा हिशेब मांडता आला तो प्रतिरोधाच्या अभ्यासामुळे. १९८९ ची वाईट बातमी ज्यांनी बारकाईने वाचली, त्यांच्यामुळे १९९६ ची चांगली बातमी आली. पुढे २००१ मध्ये आपल्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलर या भावात तीन औषधं देऊ केली, तेव्हा ती गरीब देशांच्याही आवाक्यात आली. एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला घेतली. तुला माहीत असेल-नसेल, पण तुझ्या जिल्ह्यात ही गोळी घेऊन मासे विकणारी, शाळेत शिकवणारी, नातवंडं खेळवणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे बघून तुला कळणारही नाही.

हे तू बाबांनाही सांगू शकतेस, आणि ते तुझ्या सरांपेक्षा लवकर समजतील. तुडतुड्यांवर दरसाल तेच एक औषध मारत राहिलं तर काय होतं, हे देवगडच्या बागायतदाराला शिकवायची गरज नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ मोहोराच्या फवारण्यांचं जे वेळापत्रक देतं, त्यात औषधं आलटून-पालटून का असतात, हे त्यांना विचार. आणि मग म्हण, मी पुण्यात हेच करणार आहे, फक्त तुडतुडा डोळ्यांना दिसत नाही एवढाच फरक. फवारणीची बिलं भरलेला माणूस या विषयाला बिनकामाचा म्हणणार नाही.

सर अगदीच चुकले असंही मी म्हणणार नाही. इन्फ्लुएन्झाने एकदा सगळ्यांची चांगलीच जिरवली. ओसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमिफ्लूमधलं औषध, चुकवणारा, विषाणूच्या एका प्रथिनातल्या २७५ व्या जागचा बदल ठाऊक होता. पण तो आला की विषाणू कमजोर होतो, फारसा पसरत नाही, म्हणून लोक निर्धास्त होते. २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेत हंगामी एच१एन१चे नमुने तपासले, तर त्यांतले निम्म्याहून जास्त औषधाला दाद देईनात. आणि नॉर्वेत हे औषध फारसं वापरलंही जात नव्हतं! वर्षभरात जगभर तोच विषाणू झाला. मागाहून कळलं की आणखी दोन छोट्या बदलांनी त्या विषाणूची कमजोरी आधीच भरून काढली होती. मग २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. पुण्यात मास्कसाठी रांगा लागल्या तो ऑगस्ट तुझ्या घरच्या मोठ्यांना आठवत असेल. तो नवा विषाणू नेमका ओसेल्टामिव्हिरला दाद देणारा निघाला आणि जुन्याला त्याने हाकलून लावलं. म्हणजे आपण वाचलो ते निव्वळ नशिबाने. या क्षेत्रात जायचं तर हेही पचवता आलं पाहिजे.

आणि याच्या अगदी उलट, हेपटायटिस सी. तोही भराभर बदलणारा. पण २०१३ च्या अखेरीस आलेलं सोफोसबुव्हिर विषाणूच्या पॉलिमरेजमध्ये, म्हणजे नक्कल उतरवणाऱ्या एन्झाइममध्ये, अशा जागी बसतं, की ती जागा बदलली तर विषाणूचंच कंबरडं मोडतं. बारा आठवड्यांच्या गोळ्या, सोबत जोडीचं एक औषध, आणि बहुतेक रुग्ण कायमचे बरे. तेव्हा 'विषाणू बदलणारच' यावर थांबायचं नसतं. तो कुठे बदलू शकतो, कुठे नाही, आणि बदलला तर त्याला काय किंमत पडते, हे शोधायचं असतं. तुझं काम हेच असेल.

अर्थ आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता इथे मिटला. खरा प्रश्न दुसराच आहे, आणि तो तू विचारलेला नाहीस. हे काम रोजच्या रोज करायला तुला आवडेल का?

कारण रोजचं काम औषध शोधण्याचं नसतंच. सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये तळाला पेशींचा एक थर वाढवायचा. त्यावर विषाणू घालायचा, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून. तासाभराने तो काढून वर घट्टसर माध्यम ओतायचं, म्हणजे विषाणू पोहत दूर जात नाही, शेजारच्याच पेशी मारतो. तीनेक दिवसांनी फॉर्मलिन घालायचं, माध्यम काढायचं, क्रिस्टल व्हायोलेट ओतायचं आणि नळाखाली धुवायचं. जिवंत राहिलेल्या पेशी जांभळ्या दिसतात, मेलेल्यांच्या जागी पांढरी भोकं. ती भोकं मोजायची. मग तेच औषध घालून, आठ वेगवेगळ्या मात्रांत. ज्या मात्रेला भोकं निम्म्यावर येतात, तो तुझा आकडा. बोटं आठवडाभर जांभळी राहतात, हातमोजे घातले तरी. एचआयव्हीत भोकांऐवजी दुसऱ्या मोजण्या असतात, पण जीव तेवढाच खावा लागतो.

प्रतिरोध घडवून बघायचा असेल तर आणखी चिकाटी. फ्लास्कमध्ये विषाणू, औषध थोडंसं. तीन-चार दिवसांनी वरचा द्रव नव्या पेशींवर घालायचा, औषध किंचित वाढवायचं. पुन्हा तेच, वीस-वीस, तीस-तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीचा नमुना उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. शेजारी दुसरा फ्लास्क, तोच विषाणू, तितक्याच फेऱ्या, पण औषधाशिवाय. या दुसऱ्या फ्लास्कचा कंटाळा करणारी मुलं मी पाहिली आहेत. शेवटी सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे जनुकसंच अक्षर-अक्षर वाचला, की पाच बदल दिसतात, आणि त्यांतले कुठले औषधामुळे आले नि कुठले नुसतं काचेत वाढल्यामुळे, हे सांगता येत नाही. सहा महिने पाण्यात. होकार देण्याआधी एकदा जाऊन तिथल्या मुलांच्या वह्या दाखवायला सांग. ज्या वहीत 'औषधाशिवाय' हा रकाना नीट भरलेला असेल, ती लॅब चांगली.

पेशींना सुट्टी कळत नाही. गणपतीला चार दिवस गावी यायचं तर श्रावणातच आखणी करावी लागते, कुठली प्लेट कधी संपवायची, कुठल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायच्या, आणि उरलेलं कुणाच्या गळ्यात घालायचं. कोकणातल्या मुलीने लॅबमध्ये एखादी पंजाबी किंवा मल्याळी मैत्रीण जोडलीच पाहिजे. तिच्या दिवाळीला नाहीतर ओणमला तू तिच्या पेशी सांभाळायच्या, चतुर्थीला तिने तुझ्या.

आता तुझ्या विषयाची एक बाजू, जी तुला अजून दिसली नसेल. प्रतिरोध निम्मा लॅबबाहेर घडतो. देवगड-मालवणात वाढलीस, तर ट्रॉलरवरचे खलाशी आठ-आठ दिवस समुद्रात असतात हे तुला माहीत आहे. समज, त्यातल्या एकाच्या गोळ्या घरी राहिल्या. किंवा सोबत आहेत, पण बोटीवर सगळ्यांसमोर काढायची लाज वाटते. पूर्वीच्या गोळीत नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ असायचं, आणि ते रक्तात बाकीच्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त दिवस रेंगाळतं. गोळी थांबली की दोन औषधं निघून जातात, तिसरं एकटं मागे उरतं, आणि एकट्या औषधासमोर विषाणू काय करतो ते आपण आत्ताच पाहिलं. डोल्यूटेग्राव्हिर या बाबतीत बरंच सोशीक आहे, त्याला चकवणं विषाणूला जड जातं. तरी रुग्णाच्या रक्तातला विषाणू का वाढला, म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, आलं की गोळ्या चुकल्या, हे शोधताना ज्याला बोटीवरचं आयुष्य ठाऊक आहे तो चांगला प्रश्न विचारतो. पुण्याच्या लॅबमध्ये हे ठाऊक असलेली बहुधा तू एकटी असशील. तिथे हे बोल. गावाकडची म्हणून संकोचून बसू नकोस.

आणि एचआयव्हीवरच जन्म काढायला हवा असंही नाही. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला, तेव्हा तू शाळेत असशील. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करायला गेलेली माणसं गोचिडी चावून तापाने पडली. तो विषाणू शेजारच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात, १९५७ मध्ये सापडलेला. ओळख होऊन इतकी वर्षं झाली, आणि त्याच्यावर खास असं एकही अँटीव्हायरल औषध आजवर बाजारात नाही. सलाइन, तापाची गोळी, रक्तस्रावावर लक्ष, इतकंच. अशा विषाणूंवर काम करणाऱ्यांची तुझ्या जिल्ह्याला गरज आहे. ते काम तू कधी करशील की नाही हे मी आत्ता सांगू शकत नाही, पण हात तयार झाला की विषाणू बदलता येतो.

आईची भीती खरी आहे, तिला हसू नकोस. तिला नीट सांग. प्रतिरोधाच्या चाचणीत बहुतेक वेळ रुग्णाच्या रक्ताच्या प्लाझ्मातून काढलेल्या आरएनएवर, म्हणजे विषाणूच्या जनुकद्रव्यावर, काम चालतं, आणि तो काढताना पहिल्याच पायरीला विषाणू रसायनाने फुटून मरतो. जिवंत विषाणू वाढवायचा असेल तर त्याला वेगळी खोली, आत खेचणारी हवा, दुहेरी हातमोजे आणि आधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, आणि ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घेतली की ती आणखी खूप खाली येते. हे आकडे तिला सांग, आणि हेही सांग की तुझ्या लॅबला जैवसुरक्षा समिती असते. नसेल, किंवा आहे पण कुणाला तिची शेवटची बैठक आठवत नसेल, तर त्या लॅबमध्ये जाऊ नकोस. इथे मी आईच्या बाजूने आहे.

मामीचं. 'एचआयव्हीच्या लॅबमध्ये काम करते' एवढं ऐकून जे स्थळ मागे फिरेल, ते फिरू दे. पुढे.

पैसा. याच्यावर गोड बोलणारे फार भेटतील, म्हणून मी रोखठोक सांगते. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. आकडा वाईट नाही, पण तो दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. कधी तीन-चार महिने अडकतो आणि मग एकदम येतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची जागा, तेही बहुधा परगावी किंवा परदेशी. पक्क्या सरकारी जागा थोड्या, उमेदवार भरपूर. हे सगळं झाल्यावर तू पस्तिशीच्या जवळ असशील आणि तुझ्याबरोबर क्यूसीला लागलेली मैत्रीण मॅनेजर झालेली असेल, चिपळुणात तिचा फ्लॅट असेल. तिच्याकडे बघून पोटात दुखणार असेल तर आत्ताच विचार कर. दुखलं तरी हरकत नाही म्हणा, सगळ्यांचं दुखतं.

पण प्राध्यापक होणं हा एकच शेवट नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर मेडिकल कॉलेजांतून विषाणू निदानाच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या आहेत, तिथे हात बसलेली माणसं लागतात. औषध कंपन्यांना, किट बनवणाऱ्यांना लागतात. पुण्यात विषाणू संशोधनाची एनआयव्ही आहे, भोसरीला एड्स संशोधनाची जुनी नारी आहे, आयसर आहे, पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था. कोकणातल्या मुलीला हे सगळं एका रात्रीच्या एसटीवर आहे, हे थोडं नाही.

लोट्याच्या नोकरीला मी कमी लेखत नाही. क्यूसीत तू जे शिकशील, म्हणजे प्रत्येक गोष्टीची नोंद, खाडाखोड न करता, वेळ आणि सही घालून, ते विद्यापीठातल्या कित्येक मुलांना पीएच.डी. संपेपर्यंत येत नाही. बाबांवर कर्जाचे हप्ते असतील आणि यंदाचा हंगाम निघेपर्यंत घर तुझ्या पगारावर चालणार असेल, तर वर्षभर लोट्याला जा, संध्याकाळी नेटचा अभ्यास कर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. त्यात काही कमीपणा नाही. पण पत्र दोनदा वाचून मला असं वाटतं की घरात ओढाताण आहे, उपासमार नाही. तसं असेल तर माझं मत पुण्याचं. एक वर्षाची जागा हीच तिची खुबी आहे. वर्षभरात जांभळी बोटं आवडतात की नाही ते तुला कळेल, आणि नाही आवडली तर क्यूसीची दारं तेव्हाही उघडी असतील. उलटं सहसा होत नाही. दरमहा एक तारखेच्या पगाराची सवय लागली की विद्यावेतनावर परत येणारे थोडे.

एक मात्र बघून घे. विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा. कंटाळवाण्या विषयावर चांगल्या माणसाकडे पीएच.डी. केलेले सुखात आहेत, आणि उलट केलेल्यांची गाऱ्हाणी माझ्याकडे दर महिन्याला येतात. तिथून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन कर, आत असलेल्यांना नको, ते खरं बोलू शकत नाहीत. त्यांना विचार, पहिला शोधनिबंध किती वर्षांनी आला, त्यावर पहिलं नाव कुणाचं होतं, आणि आजारी पडल्यावर गाइड काय म्हणाले. चौथा प्रश्न लागत नाही.

बाबांना जमलं तर पुण्याला घेऊन जा. लॅब आतून दाखवतील असं नाही, पण बाहेरच्या चहाच्या टपरीवर तुझ्याच वयाच्या, परभणीच्या नि गडचिरोलीच्या मुली त्यांना दिसतील, त्यांच्याशी चार शब्द बोलतील. वडील माणसाला पत्रकापेक्षा याने धीर येतो. येताना आंब्याची पेटी आणू नका. रुजू व्हायच्या आधी ते बरं दिसत नाही.

लोटेवाल्यांना नकार कळवायचा झाला तर फोनवर नको, ईमेल कर. दोन ओळी, आभार मानून, कारण खरं सांगून. तुझ्या क्षेत्रात औषधं बनवणारे आणि औषधं तपासणारे कधी ना कधी एकमेकांच्या दारात येतातच, तेव्हा तिथल्या एचआरच्या बाईंचा नंबर जपून ठेव. आणि नेटचा अर्ज शेवटच्या रात्रीवर ढकलू नकोस. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो.